रिकाम्या खुर्चीला फोन लावायचा नाही

भाऊसाहेब, आम्ही तुमच्या खुर्चीला झेंडूचा हार घातला तेव्हा तुम्ही गेलेले होतात. आम्हाला ते माहीत नव्हतं. आम्ही हसत होतो.

एवढं लिहिलं आणि मी उठून पाणी पिऊन आले. तुमचा तेरावा होऊन गेला, बेलापूरला तुमच्या घरी पंक्तीत मी वाढलंसुद्धा, तरी माझी अजून खात्री पटलेली नाही. सकाळी डेअरीच्या गेटातून आत आले की मान आपोआप तुमच्या केबिनकडे वळते, आणि तुम्ही दिसला नाहीत की मला आधी राग येतो. आज यांना उशीर कसा काय झाला, असंच पहिल्यांदा वाटतं. मग आठवतं.

तुमच्या दारावर 'मनुष्यबळ व्यवस्थापक' अशी लांबलचक पाटी होती आणि डॉकवर दुधाचे कॅन उतरवणारे लोक तुम्हाला 'पर्सनल साहेब' म्हणायचे. मी लॅबची प्रमुख. आलेलं दूध घ्यायचं की परत पाठवायचं हे मी सांगायचं, आणि आलेला माणूस घ्यायचा की परत पाठवायचा हे तुम्ही. आपलं दोघांचं काम एकच आहे, फक्त तुमचा माल उलट बोलतो, असं मी तुम्हाला चिडवायचे. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून म्हणायचात, "तुमचा माल नासला तर नाल्यात सोडता येतो मॅडम. माझा सोडता येत न्हाई."

तुमच्या डोक्यात कायम एकच किडा वळवळत असायचा. हा माणूस उद्या आला नाही तर काय? कोणाच्या घरी लग्नाला गेलात तरी तुम्ही आचाऱ्याकडे बघत बसायचात आणि मला हळूच विचारायचात, "याला ताप आला आसता तर?" मी म्हणायचे, जेवा आधी. या किड्यातूनच तुमची ती रिकामी खुर्ची निघाली. महिन्यातून एकदा, कोणालाही आधी न सांगता, तुम्ही एका महत्त्वाच्या माणसाला गेटवरच अडवायचात. टपरीवरचा चहा पाजायचात आणि सांगायचात, "आज तुमची खुर्ची रिकामी. पगारी सुट्टी. घरी जा." दिवसभर त्याचं काम बाकीच्यांनी ओढायचं. त्याच्या खुर्चीवर त्याचीच एखादी वस्तू ठेवायची, म्हणजे चुकून तिथे कोणी बसणार नाही. कुणाची टोपी, कुणाचा डबा, माझ्या वेळी माझा पांढरा कोट. आणि नियम एकच, पण कडक. रिकाम्या खुर्चीला फोन लावायचा नाही. काहीही अडलं तरी त्या माणसाला विचारायचं नाही.

लोक आधी घाबरले होते. बॉयलरवर काम करणाऱ्याला वाटलं आपल्याला काढून टाकलं, तो थेट युनियनकडे गेला. तुम्ही त्याला परत बोलावून समजावलंत की तुमच्यावाचून चालतं का हे बघून तुम्हाला घालवायचं नाही, तुमच्यावाचून कुठे अडतं ते बघून तुमच्या जोडीला माणूस तयार करायचा आहे. त्याला ते पटायला वर्ष लागलं असेल. मला पटायला त्याहून जास्त लागलं.

फोनचा नियम कुठून आला ते डेअरीत सगळ्यांना माहीत आहे, पण तुम्ही स्वतः कधी त्याबद्दल बोलला नाहीत. रंगनाथ, आपला मिरजगावचा रंगनाथ, अमोनियाचे कॉम्प्रेसर चालवतो. दूध थंड ठेवणारं सगळं यंत्र तेव्हा त्याच्या एकट्याच्या हातात होतं. हाताखाली हेल्पर होते, पण ते तेलपाणी आणि पुसापुशी करणारे. रंगनाथची आई गेली आणि तो पहाटेच्या एसटीने गावी निघून गेला. दुपारी कॉम्प्रेसर बसला. थंडीचे दिवस, म्हणजे आपला पुष्टकाळ, दूध नुसतं वाहत येत होतं. टँकर गेटबाहेर रस्त्यापर्यंत उभे होते. तुम्ही रंगनाथला फोन लावलात, स्पीकर सुरू केलात. तो स्मशानात होता. मागे माणसं रडत होती आणि तो आपल्याला सांगत होता, "डाव्या हाताचा व्हॉल्व्ह, साहेब. हळू फिरवा. एकदम न्हाई फिरवायचा." तुम्ही पुन्हा लावलात. पुन्हा लावलात. त्याने प्रत्येक वेळी उचलला.

कॉम्प्रेसर काही सुरू झाला नाही. संध्याकाळी मी टाकीतलं दूध उकळून बघितलं तर ते फाटलं. टाकीच्या टाकी नाल्यात सोडावी लागली. मी दुधासाठी हळहळत होते आणि तुम्ही कठड्यावर डोकं धरून बसला होतात. "दुधाचं काय घिऊन बसलात मॅडम," तुम्ही म्हणालात. "आईला आग्नी देनाऱ्या मानसाला मी व्हॉल्व्ह इचारला." शिकलेले, साहेब झालेले तुम्ही, पण मनाला लागलं की तुमची भाषा अशी बेलापूरच्या मळ्यात परत जायची.

त्यानंतर तुम्ही झपाटल्यासारखे प्रत्येक कामाला जोडीचा माणूस तयार करायच्या मागे लागलात. प्रत्येक विभागाच्या भिंतीवर तक्ता लागला. कोणाला काय येतं, कोण काय शिकतोय, कोण कधी निवृत्त होणार. रंगनाथच्या हेल्परना तुम्ही पुण्याला शिकायला पाठवलंत. संचालक म्हणाले, एवढा खर्च कशाला, ऑपरेटर बाजारात मिळतात की. त्या मीटिंगला मीही होते. चेअरमन गमतीत म्हणाले, "तुमचं ते मनुष्यबळ नियोजन म्हंजी काय भानगड हाय, ते एकदा आमाला समजंल आसं सांगा."

तुम्ही त्यांनाच विचारलंत, "चेअरमनसाहेब, तुमच्या गोठ्यातल्या सगळ्या गाया एकदम आटल्या तर?"

"आशा कशा आटतील? एक आटती तवर दुसरी विती. आमी तसं धरूनच गाया गाभन ठिवतो."

"मग डेअरीत का धरीत न्हाई? बॉयलरवाला, वेल्डर, स्टोअरवाला, सगळे एकाच साली घरी जानार हायेत. त्यांच्या जागी येनारी गाय आजून गाभन बी न्हाई."

सगळे हसले, पण पैसे मंजूर झाले. त्याच मीटिंगमध्ये एका संचालकांनी भाच्याला चिकटवून घ्या म्हटलं. तुम्ही विचारलंत, कुठल्या कामाला? ते म्हणाले, काम तुम्ही बघा की काहीतरी. तुम्ही शांतपणे म्हणालात की आपल्याकडे आधी काम ठरतं, मग माणूस. आधी माणूस घेऊन मग त्याला काम शोधलं की उन्हाळ्यात दूध आटल्यावर डॉकवर पंधरा जण बसून राहतात, आणि मग त्यातल्या गरिबाला पहिल्यांदा घरी पाठवलं जातं, भाच्याला नाही. कायमचे किती लागतात, हंगामापुरते किती, हे आधी नीट धरलं तर कोणाच्या पोटावर पाय द्यायची वेळ येत नाही. ते संचालक तुमच्याशी पुढे किती तरी दिवस बोलत नव्हते. तुम्हाला त्याचं काही वाटलं नाही. मला मात्र तेव्हा कळलं की तुमचा तो तक्ता नुसता डेअरीच्या नफ्यासाठी नव्हता.

तरीही मी तुमच्याशी भांडतच राहिले. माझी खुर्ची पहिल्यांदा रिकामी झाली तो दिवस मी विसरणार नाही. तुम्ही मला गेटवर चहा दिलात आणि परत पाठवलंत. मी घरी जाऊन माळा आवरला, डबे घासले, आणि दिवसभर फोन पदराला बांधल्यासारखा जवळ घेऊन बसले. कोणाचाही फोन नाही. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर लॅब व्यवस्थित चालली होती. माझ्या हाताखालच्या मुलीने संशय आलेला एक टँकर परत पाठवला होता, आणि बरोबरच पाठवला होता. मला आनंद व्हायला हवा होता. मी तुमच्या केबिनमध्ये येऊन रडले. म्हटलं, इतकी वर्षं राबले आणि कोणाला माझी आठवणसुद्धा आली नाही?

"मॅडम, काम अडणं वेगळं आणि आठवण येणं वेगळं," तुम्ही म्हणालात.

"वेगळं नाही. तुमच्या पुस्तकात असेल वेगळं."

"आठवण आली तर तुम्हाला फोन करतील की. दुसऱ्या दिवशी."

"दुसऱ्या दिवशी कशाला? त्याच दिवशी का नाही?"

तुम्ही म्हणालात, कारण त्या दिवशी आठवणीचं निमित्त करून लोक व्हॉल्व्हच विचारतील. मला ते पटलं नाही. त्यानंतर दर दोन-चार महिन्यांनी हा वाद निघायचा. कधी चहावर, कधी पाळी बदलताना जिन्यात. तुम्ही कधी चिडला नाहीत, आणि मी कधी सोडलं नाही. या वादाचं काहीतरी होईल, एक दिवस तुम्ही तरी हराल किंवा मी तरी, असं मी धरून चालले होते. आपल्याकडे वेळ आहे असं वाटत होतं.

खरं सांगायचं तर तुमचा उपकार मला मागाहून कळला. माझे वडील नगरच्या हॉस्पिटलात होते, ते शेवटचं दुखणं. मी त्यांच्या उशाशी बसून होते आणि लॅबमधून मला एकदाही कोणी काही विचारलं नाही. माझं लक्ष एकदाही तिथून हललं नाही. वडील गेले तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात होता आणि माझा फोन पिशवीच्या तळाशी पडलेला होता. रंगनाथही मुलीच्या लग्नात अख्खा दिवस मांडवात बसला, कॉम्प्रेसरची काळजी न करता. डेअरीतल्या किती तरी घरांना तुम्ही त्यांची माणसं अशी पूर्ण दिवसासाठी परत दिलीत. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, बघा, हरलात.

आता त्या दिवसाचं.

आदल्याच आठवड्यात मी तुम्हाला जिन्यात गाठून म्हटलं होतं, "सगळ्यांच्या खुर्च्या रिकाम्या करून झाल्या. तुमची कधी?" तुम्ही हसून म्हणालात, "हुईल, माझी बी हुईल. कुनाला सांगून थोडीच करनार?" टाइम ऑफिसातला, हजेरी बघणारा कदम शेजारीच उभा होता, त्यानेही ऐकलं. त्या सकाळी तुमची गाडी आली नाही तेव्हा कदम हात चोळत लॅबच्या दारात आला. त्याचा चेहरा लग्नघरासारखा फुलला होता.

"मॅडम, साहेबांनी डाव टाकला! आज सोताचीच खुर्ची रिकामी केली."

मी घड्याळ बघितलं. तुम्ही कधी उशीर करत नाही. कधी न सांगता राहत नाही. म्हणजे हा तोच डाव, दुसरं काही असूच शकत नाही. एवढी वर्षं तुम्ही आम्हाला शिकवलंत की न सांगता आलेली रिकामी खुर्ची म्हणजे घाबरायचं कारण नाही, कामाला लागायचं. आम्ही कामाला लागलो.

तुमची काय वस्तू ठेवायची खुर्चीवर? केबिनमध्ये तुमचं असं काहीच नव्हतं, छत्रीसुद्धा तुम्ही रोज घरी नेता. गेटवरच्या दत्ताच्या तसबिरीला रोज हार येतो. फुलवाल्याने त्या दिवशी एक जास्तीचा दिला होता. "मोठा मानूस हाय, हारच घालू," कदम म्हणाला आणि त्याने तो खुर्चीच्या पाठीला अडकवला. रंगनाथने खुर्चीला नमस्कार केला. आम्ही सगळे हसलो. मीही हसले, भाऊसाहेब. चांगली मोठ्याने हसले.

आणि तुम्हाला सांगते, दिवस इतका चांगला गेला की काय सांगू. डॉकवरच्या मजुरांचा मुकादम सकाळीच तोंड पाडून आला, त्याची निम्मी माणसं आली नव्हती. एरवी तो तुमच्या दारात जाऊन बसला असता. कदमने तुमचा तो तक्ता वाचला, पॅकिंगमधल्या ज्यांना डॉकचं काम येतं त्यांना तिकडे पाठवलं, पॅकिंगची एक पाळी पुढे ढकलली. एकही टँकर खोळंबला नाही. दुपारी जेवताना आम्ही सगळे खूश होतो. उद्या तुम्ही आल्यावर काय काय सांगायचं, कुठल्या गोष्टीवर तुमच्या भुवया वर जातील, ते मी मनात जुळवत होते.

जेवणानंतर टाइम ऑफिसातला फोन वाजला. वहिनी होत्या. त्या तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेलेल्या, तुम्ही घरी एकटे. मी सही करायला तिथे उभी होते, म्हणून कदमचं बोलणं मी ऐकलं.

"न्हाई वैनी, आज साहेब डेअरीत न्हाईत. आज त्यांची खुर्ची रिकामी हाय. व्हय, व्हय, सोताचीच केली! घरी निवांत झोपले आसतील. फोन बी बंद ठिवला आसंल."

पलीकडे वहिनी हसल्या असाव्यात. कारण कदमही हसला, आणि म्हणाला, "व्हय, झोपू द्या. कवा तरी झोपू द्या त्यांना."

संध्याकाळी वहिनींना राहवलं नाही. त्यांनी शेजाऱ्यांना जाऊन बघायला सांगितलं. शेजाऱ्यांनी दार वाजवलं, मग तोडलं.

मला बोलावणं आलं तेव्हा मी घरी निघाले होते. रंगनाथ, कदम आणि मी बेलापूरला पोचलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. तुम्ही पलंगाशेजारी खाली होतात. शर्ट-पँट घातलेली, शर्ट खोचलेला, एका पायात मोजा. दुसरा हाताशी पडलेला. डेअरीला यायला निघाला होतात तुम्ही! खुर्ची रिकामी करायचा तुमचा काही विचार नव्हता. नेहमीसारखे येणार होतात, नेहमीच्या वेळेला, आणि आम्ही तिकडे तुमच्या खुर्चीला नमस्कार करून हसत होतो.

शेजाऱ्यांनी नातेवाइकांना कळवा म्हणून तुमचा फोन माझ्या हातात दिला. फोन बंद नव्हता. त्यावर वहिनींचे फोन होते, एक कुठल्या तरी बँकेचा होता. डेअरीतून एकही नव्हता. ज्या माणसाला सगळी डेअरी दिवसभर दहा कारणांनी फोन करायची, त्या माणसाला त्या दिवशी आमच्यातल्या एकानेही केला नव्हता. मी पुन्हा पुन्हा बघितलं. मला वाटत होतं, एखादा तरी असेल. कोणीतरी नियम मोडला असेल. डॉकवरचा एखादा अडाणी, विसराळू माणूस. कोणीच मोडला नव्हता. तुमची शिकवण आम्ही अगदी नीट पाळली होती.

डॉक्टरांना मी दुसऱ्या दिवशी जाऊन विचारलं. सकाळी फोन केला असता तर? ते म्हणाले, हार्ट अटॅक सकाळीच आला, पण लगेच संपलं की काही वेळ तग धरला, ते आता सांगता येणार नाही. मी म्हटलं, अंदाजे तरी? ते म्हणाले, मॅडम, नका विचारू. म्हणजे मला हे कधीच कळणार नाही. मी लॅबची बाई. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक गोष्टीचं हो किंवा नाही असं उत्तर निघतं. याचं निघणार नाही, आणि ते न निघता मला रोज डेअरीत यायचं आहे.

मला तुमचा इतका राग आलाय भाऊसाहेब. असा नियम करून ठेवलात! मी ओरडत होते ना? जिन्यात, चहावर, केबिनमध्ये, मी सांगत होते ना? आणि मग लगेच रंगनाथचं स्मशान आठवतं, माझ्या वडिलांचा हात आठवतो, आणि रागावायला जागाच उरत नाही. मग नुसतीच बसून राहते.

दहाव्यानंतर चेअरमननी मला बोलावलं. तुमच्या खुर्चीचा तात्पुरता भार माझ्याकडे दिला. तुमच्या जागेसाठी लगेच दोन-तीन शिफारशी आल्या आहेत, त्यात तो भाचाही आहे, हे ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटणार नाही. चेअरमन म्हणाले, "आन् त्यो खुर्चीचा खेळ आता बंद करा. तुमचं बी म्हननं तेच हुतं ना पहिल्यापास्नं?" खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना ठाऊक होतं की मी तुमच्याशी किती भांडले. मी वाद जिंकले होते. तुम्ही उलट उत्तर द्यायला नव्हता. मी म्हटलं, सांगते, थोडा वेळ द्या.

बंद करणं सोपं होतं. सगळे सुटल्यासारखे झाले असते. त्या खुर्चीकडे बघायची आता कोणाची हिंमत नाही. पण बंद केलं असतं तर वर्षभरात तक्तेही उतरले असते, मला माहीत आहे. मग भाचे आले असते. मग पुन्हा कोणाच्या तरी आईच्या चितेशेजारी फोन वाजला असता. तुमचं सगळं आयुष्य या एका गोष्टीत गेलं, आणि तुमच्या मरणाने तीच मोडावी की ठेवावी हे माझ्यावर येऊन पडलं. ज्या बाईला ती कधी पटली नाही तिच्यावर.

मी वहिनींकडे गेले. कदमलाही नेलं, तो यायला तयार नव्हता. त्या दिवसापासून त्याचं जेवण गेलं आहे, फोन वाजला की दचकतो. वहिनींनी त्याला काही म्हटलं नाही. त्याच्यासमोर ताट ठेवलं आणि तो जेवेपर्यंत समोर बसून राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"मला बी दरसाल राहात्याला धाडायचे, म्हायेरी," त्या म्हणाल्या. "म्हनायचे, तुझी खुर्ची रिकामी. आन् हितं सोता भाकरी शिकले. लाइटबिल, ब्यांक, शेताचा सातबारा, सगळं मला शिकिवलं. मी न्हाई म्हनायची, तर म्हनायचे, उद्या मी नसलो तर?" त्यांनी कदमचं रिकामं ताट उचललं. "घर चालंल मॅडम. कुटं काय अडनार न्हाई. त्येचाच लई राग येतोय मला."

मी त्यांना विचारलं, डेअरीतली ती पद्धत बंद करू का. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी वेड्यासारखं बोलले होते.

"त्यातलं मला काय कळतंय? तुमचं तुमी बघा. पन तुमी कुनी फोन का न्हाई केला, येवढंच मला कळंना. कामाचा नका करू. न्हाई म्हनत न्हाई मी. पन मानूस कामाचंच इचारतो का फोनवर?"

घरी येताना वहिनींचं तेच वाक्य माझ्या डोक्यात फिरत होतं. तुमच्या नियमात 'विचारायचं नाही' असं होतं, आणि आम्हाला त्याचा एकच अर्थ ठाऊक होता. इतकी वर्षं एकत्र काढून आम्ही एकमेकांना कामाशिवाय फोनच करत नव्हतो. तुम्हालाही नाही. हे तुमच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही, आणि आपण दोघे मात्र जिन्यात उभे राहून आठवणीवर वाद घालत होतो. तुम्ही असतात तर मी आत्ता वर आले असते, दार न वाजवता आत शिरले असते आणि हे तुम्हाला सांगितलं असतं. तुम्ही काय म्हणाला असता? मला खरंच माहीत नाही. एरवी तुमचं उत्तर मला आधीच ठाऊक असायचं.

मी चेअरमनना सांगितलं, चालू राहील. नियमात एक फरक. कामाचं विचारायचं नाही, पण सकाळी काम सुरू झालं की आधी त्या माणसाला फोन करायचा. पहिल्यांदा कोणाची खुर्ची, हे मी कोणालाच सांगितलं नाही.

काल कदम गेटमधून आत आला आणि मी चहाचा कप घेऊन उभी होते. त्याने कप बघितला आणि त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. "मला नका घरी धाडू मॅडम," तो म्हणाला, "माझ्याच्यानं न्हाई व्हनार." मी म्हटलं, चहा घे आणि जा. तो गेला, वळून वळून बघत गेला. आत येऊन मी त्याची पाण्याची बाटली त्याच्या खुर्चीवर ठेवली. हजेरीचं अंगठा लावायचं मशीन तेवढ्यात अडकलं, गेटवर रांग लागली. त्याला काय करायचं ते फक्त कदमला नीट माहीत आहे, म्हणजे तुमच्या तक्त्यात ती जागा अजून मोकळी आहे. मी ती लिहून ठेवली. रांग तशीच उभी होती. रंगनाथ येऊन माझ्या बाजूला थांबला, डॉकवरचे दोघेतिघे आले. मी फोन काढून सगळ्यांसमोर लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"काय अडलं मॅडम?" कदमचा आवाज घाईचा होता. "मशीन हँग झालं का? येऊ का?"

"नाही. काही अडलं नाही. तू आहेस का, एवढंच विचारायला केला."

फोन कट झाला असं वाटून मी तो कानापासून काढून बघितला. मग आवाज आला.

"हाय मॅडम," तो म्हणाला. "मी हाय."